गोबर गॅस मंदावला? कल्चरचा पुडा नको, आधी बाटली लावा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडून सध्या एकच प्रश्न येतोय: थंडी पडली तसा गॅस निम्म्यावर आला, दुकानदार ‘जिवाणू कल्चर’ (पुड्यातलं जिवाणूंचं विरजण) टाका म्हणतो, टाकू का?

नका टाकू. संयंत्रातले जिवाणू काम करतायत का, ते आधी तपासा. एक लिटरच्या तीन बाटल्या घ्या. पहिलीत तुमच्या संयंत्रातली अर्धा लिटर स्लरी (शेण-पाण्याचा काला), दुसरीत तीच स्लरी आणि चिमूटभर कल्चर (दुकानदाराकडून नमुना फुकट मागा), तिसरीत शेजाऱ्याच्या चालू संयंत्राची स्लरी. तिन्हींत ताजं शेण सारखंच, मूठभर. तोंडाला फुगे बांधून एकाच उबदार जागी आठ-दहा दिवस ठेवा. चुलीपासून लांब!

पहिला फुगा तिसऱ्याइतका फुगला तर जिवाणू ठणठणीत आहेत. मग साबणाचा फेस लावून पाइपाची गळती शोधा, शेण पुरतंय का बघा; 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. पहिला आणि दुसरा सारखेच असले तर कल्चरचा उपयोग शून्य. पण आंबलेल्या स्लरीतूनही नुसता कार्बन डायऑक्साइड निघतो आणि फुगा फसवतो, म्हणून सामूच्या (pH, म्हणजे आंबटपणा मोजायच्या) कागदाने तपासाच. 6.8 ते 7.5 ठीक. 6.5 च्या खाली, आंबूस वास आणि ज्योत धरत नाही, म्हणजे मिथेन करणारे जिवाणू मार खाऊन बसलेत.

असं होतं ते बहुतेक जादा भरण्यानं. साखर कारखान्याची मळी फुकट मिळाली की ट्रॉलीच रिकामी करतात. ‘गॅस कमी, तर शेण वाढवा’ हा दुकानातला सल्ला तर संयंत्र बंद पाडूनच सोडतो. आम्ल करणारे जिवाणू झपाट्यानं वाढतात, मिथेनवाले सावकाश. भरणं चार-पाच दिवस बंद ठेवा. चुन्याची निवळी थोडी थोडी द्या, सामू 7 वर आला की थांबा. पोतंभर चुना ओतू नका. फिनेलचं पाणी आणि अँटिबायोटिक चालू असलेल्या जनावराचं शेण आत जाऊ देऊ नका.



जिवाणू हवेतच, तर शेजाऱ्याची चालू स्लरी आणा, दोन-तीन पिंपं. याच्याइतकं खात्रीचं विरजण कुठल्याच पुड्यात नाही. मग निम्म्या शेणापासून सुरुवात करा, कोमट पाण्यात कालवून. 15 अंशांखाली पुड्यातले जिवाणूही गारठतातच. पुन्हा सांगतो, पुडा घेऊ नका.