मिक्सरच्या वायरीवर विसंबू नका

१५० खुर्च्यांचं सभागृह, महिन्याला एक मैफल, तिच्या चित्रीकरणासाठी हातात ८० हजार आणि डोळा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर. काय घेऊ, हा तुमचा प्रश्न वाचला आणि आठ वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या, मोठं कार्ड हे तुम्ही घ्यालच, त्यावर बोलत नाही.

माझी फजिती ऐका. एका ज्येष्ठ गायिकेची मैफल होती. सभागृहाच्या मिक्सरमधून (सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारं यंत्र) आवाज थेट कॅमेऱ्यात घ्यायला वायर हवी म्हणून महिनाभर आधी तिथल्या कार्यालयात गेलो. "साउंडवाल्याला विचारा." साउंडवाला म्हणे, "ऑफिसची चिठ्ठी आणा." चिठ्ठीवर सही करणारे साहेब रजेवर. मग पुन्हा अर्ज, पुन्हा "सोमवारी या". वायर हातात पडली तेव्हा तंबोरे जुळूनसुद्धा झाले होते. घाईत ती कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात खुपसली. आवाजाचा मीटर लाल व्हायला लागला म्हणून कॅमेऱ्यातली पातळी खाली आणली, मीटर हिरवा झाला, मी निर्धास्त. हेडफोन पिशवीतच.

घरी येऊन ऐकतो तर प्रत्येक तार षड्ज फाटलेला. मिक्सरमधून बाहेर येणारा सिग्नल, म्हणजे लाइन आउट, माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी पट जोरकस असतो. तो कॅमेऱ्यात शिरतानाच फाटतो. पुढे पातळी कमी केली की फाटलेलाच आवाज हळू होतो, बस्स. मधे एक साधा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावला असता तर निभावलं असतं. बाईंना ते रेकॉर्डिंग आजतागायत द्यायची हिंमत झालेली नाही.

आणि वायर नीट लागली असती तरी फार काही हाती लागलं नसतं. लहान सभागृहात तबला-पेटी तशीही ऐकू येते, म्हणून साउंडवाला ती स्पीकरवर कमीच ठेवतो. मिक्सरमधून येतो तो नुसता गळा. तबला शेजारच्या घरात वाजल्यासारखा.

तेव्हा माझं मत (मी व्यावसायिक नाही, आणि नृत्याच्या कार्यक्रमांना हे लागू होईलच असं नाही): निम्मे पैसे आवाजावर घाला. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर (यात पातळी चुकली तरी नंतर सावरता येते), त्याच्याकडूनच ४८ व्होल्ट घेऊन चालणारे दोन कंडेन्सर (नाजूक आवाजही टिपणारे) माइक, मंचापासून दोनेक मीटरवर, पंख्यापासून लांब. कॅमेऱ्याचा आवाज फक्त नंतर रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळवायला. त्यासाठी खूण म्हणून टाळी वाजवायची गरज नाही. तबलजी हातोडीने तबला मिळवतो ना, तो ठोका दोन्हीकडे लख्ख उमटतो.

कॅमेरा म्हणाल तर जुना, चांगल्या झूमचा कॅमकॉर्डर मला पुरला. फोटोचे बरेच कॅमेरे, विशेषतः जुने, २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात; बडा ख्याल तेवढ्यात द्रुतपर्यंतही येत नाही. घेण्याआधी दुकानात तासभर चालवून पाहा, तापतो का तेही कळेल. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, नाहीतर एलईडी दिवे लपलपतात. ऑटो एक्स्पोजर (कॅमेऱ्याने उजेड आपोआप ठरवणं) बंद. नाहीतर मागे काळा पडदा आणि अंगात पांढरा झब्बा असला की गवयाचा चेहरा पिठासारखा दिसतो.

कलाकारांची संमती आधीच लेखी घ्या, साथीदारांचीही. त्यांना कोणी विचारतच नाही. आणि कार्यालयात अर्ज द्यायची वेळ आलीच तर शिक्क्यासकट पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.