मेटेओराचे मठ आणि आईचे गुडघे

प्रश्न : मे महिन्यात ग्रीसला चाललोय, मी, बायको आणि आई (वय ६८, एक गुडघा कुरकुरतो). कड्यावरचे ते मेटेओराचे ख्रिस्ती मठ बघायचेच आहेत. अथेन्सहून सकाळी निघून रात्री परत, असे सहाही मठ होतील का? आईला झेपेल का? आणि बायको जीन्सशिवाय फिरत नाही, तर कपड्यांचं काय?

उत्तर : नाही होणार. अथेन्सहून मेटेओराच्या पायथ्याच्या कालाम्बाकाला पोचायलाच चार-पाच तास लागतात, म्हणजे दिवसाची वाट गाडीतच लागली. त्यात आठवड्यातल्या बऱ्याच दिवशी एखादा तरी मठ बंदच असतो, कारण सुट्टीचे वार ठरलेले. ग्रेट मेटेओरो साधारण मंगळवारी बंद, वार्लाम शुक्रवारी, अगिओस स्तेफानोस सोमवारी, हिवाळ्यात तर सुट्ट्या अजून वाढतात. मी पहिल्यांदा गेले तो नेमका मंगळवार, घामाघूम होऊन सगळ्यात मोठ्या मठाच्या दारात पोचले तर दार बंद, मग समोरच्या वार्लामवर समाधान मानलं. तेव्हा आधी वार बघा आणि मगच हॉटेल बुक करा, लोक नेमकं उलटं करतात. बुधवार-गुरुवार धरून कालाम्बाका किंवा कास्त्राकी गावात एक रात्र काढा. कास्त्राकी जास्त छान, सुळके अगदी घरांच्या मागेच उभे आहेत.

आता गुडघा. आईंना अगिओस स्तेफानोसला न्या, ननचा मठ आहे, रस्त्यावरून छोटा पूल ओलांडला की थेट आत, चढ नाहीच म्हणा ना. फक्त दुपारी दोनेक तास बंद असतो, त्यामुळे सकाळीच जा. अंगणाच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली कालाम्बाकाची लाल कौलं आणि पलीकडे थेसलीचं सपाट मैदान. त्यांना तिथे निवांत बसू द्या, बरोबर एकजण थांबा आणि दुसऱ्याने वार्लाम करून या, मग अदलाबदल. कालाम्बाकाहून टॅक्सी मिळते.

ग्रेट मेटेओरोला मात्र आईंना नेऊ नका. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि गंमत म्हणजे आधी खाली उतरायचं, मग कातळात खोदलेल्या वाटेने वर, म्हणजे परत येतानाही शेवटी चढच, आणि दुखऱ्या गुडघ्याला उतरणं किती नको होतं ते त्यांनाच विचारा. या पायऱ्याही १९२० च्या दशकातल्या बरं का, त्याआधी शिड्या, नाहीतर जाळ्यात बसायचं आणि वरून रहाटाने ओढून घ्यायचे. दोर कधी बदलता असं विचारलं तर संन्यासी म्हणायचे, देव तुटू देईल तेव्हा, अशी गोष्ट तिथे सगळेच सांगतात. वार्लामला तो रहाट अजून बघता येतो, शिवाय १२,००० लिटरचं लाकडी पिंपही, तुम्ही दोघंही आपापल्या फेरीत ते नक्की बघा.

जीन्स : बायकांना पँट चालत नाही, गुडघ्याखाली येणारा स्कर्ट लागतो, खांदे झाकलेले. दारात गुंडाळायचे स्कर्ट ठेवलेले असतात, पण ते शंभर जणींनी नेसलेले, म्हणून एक मोठी ओढणी बॅगेत टाका, जीन्सवरून गुंडाळली की झालं. तुम्ही फुल पँट घाला, बर्म्युडा नको. तिकीट प्रत्येक मठाचं वेगळं, थोड्याच युरोंचं, कॅश जवळ ठेवा. मठातल्या चर्चच्या आत फोटो काढायचा नाही.

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी. फक्त एकच मठ बघायला वेळ असेल तर कोणता?

उत्तर : अगिओस निकोलाओस अनापाफ्सास. बाकीचे गर्दी खेचतात म्हणून लोक याला सोडून देतात, जागाही इवलीशी, सुळका अरुंद म्हणून मजल्यावर मजला चढवलाय. पण भिंती १५२७ साली क्रीट बेटावरच्या थेओफानीस या चित्रकाराने रंगवल्यात. आदम सगळ्या प्राण्यांना नावं ठेवतोय ते चित्र शोध, आपल्याकडच्या अर्थाने नाही, खरोखरची नावं देतोय. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर उभी राहा, मग रंग दिसायला लागतात.