मॅटवर उतरण्यापूर्वी मन डळमळते तेव्हा

कुस्तीच्या निवड चाचणीच्या आदल्या रात्री ‘आपण या गटात टिकू का’ या विचाराने तुला झोप लागत नाही, हे मी गांभीर्याने घेतो. कारण अमळनेर-चोपडा भागात यात्रेच्या फडात निर्धास्त लढणारी मुले मॅटवर नेमकी इथेच अडखळताना मी पाहिली आहेत. त्यांच्यात बळाची उणीव नसते. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण मोजले जातात आणि सुरुवातीचे दोन गुण गेले की मन उरलेली कुस्ती आधीच सोडून देते.

म्हणून सरावात मुद्दाम ०-४ अशा पिछाडीवरून, तुझ्यापेक्षा वरचढ जोडीदाराशी कुस्ती सुरू कर. पिछाडी अंगवळणी पडली की तिची धास्ती ओसरते. लढतीआधी छाती धडधडते, तळहात ओले होतात, ती शरीर सज्ज होत असल्याचीही खूण आहे. घाम फुटेपर्यंत अंग गरम कर, श्वास सावकाश सोड आणि पहिली पकड कोणत्या हाताने घ्यायची, एवढेच मनात ठेव.

खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटची सवय नसतानाही सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. मधली तयारीची चार वर्षे मला त्या पदकाइतकीच मोलाची वाटतात. तूही हरलेल्या कुस्तीत गुण कुठे गेला, ते वस्तादांसमोर बसून वहीत लिही.

आणखी एक, वजन उतरवण्यासाठी पाणी पिणे तोडू नकोस. जळगावच्या उन्हाळ्यात कोरडे पडलेले शरीर लवकर थकते आणि थकलेल्या मनात शंका लवकर शिरते.