'टॉकिंग क्युअर'ला 'संवादोपचार' म्हणावे का?

मनोविश्लेषणावरील एका लेखासाठी 'टॉकिंग क्युअर' या संज्ञेचे भाषांतर 'संवादोपचार' असे केले तर चालेल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते ते टाळावे. ही संज्ञा डॉक्टरांनी नव्हे, रुग्णाने घडवली आहे, आणि तिचा अर्थ त्या रुग्णाच्या अनुभवावरूनच ठरवला पाहिजे.

ही रुग्ण म्हणजे बेर्टा पापेनहाइम. त्यांचा जन्म १८५९ मध्ये व्हिएन्नात, सनातनी ज्यू कुटुंबात झाला. वडिलांची शुश्रूषा करता करता त्या स्वतःच आजारी पडल्या. डॉ. योसेफ ब्रॉयर यांच्या उपचारांच्या काळात काही महिने तर त्यांना मातृभाषा जर्मन बोलता येईना, त्या केवळ इंग्रजी बोलत; म्हणूनच ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या हिस्टेरियावरील १८९५ च्या जर्मन ग्रंथातही ही संज्ञा इंग्रजीतच आहे. संध्याकाळी त्या मनातल्या कथा, भास आणि भीती सांगत, ब्रॉयर ऐकत, आणि सांगून झाल्यावर त्यांना शांत वाटे. यालाच त्या गमतीने 'चिम्नी स्वीपिंग', म्हणजे धुराडे झाडणे, असेही म्हणत. आत साचलेली काजळी काढून टाकण्याच्या या कल्पनेत दोघांनी मिळून केलेला संवाद कुठेच नाही.

ब्रॉयर यांच्या पद्धतीला 'विरेचन' ('कॅथार्सिस', म्हणजे साचलेल्या भावना बाहेर काढणे) म्हणता येईल, परंतु तो वैद्याच्या बाजूचा शब्द झाला. 'क्युअर'साठी मात्र 'उपचार' योग्यच आहे, कारण त्यात बरे झाल्याची ग्वाही नाही; ब्रॉयर यांचे उपचार १८८२ मध्ये संपल्यानंतरही पापेनहाइम यांना स्वित्झर्लंडमधील क्रॉयत्सलिंगेनच्या आरोग्यधामात राहावे लागले. म्हणून परिभाषेत 'कथनोपचार' आणि ओघवत्या लेखनात सरळ 'बोलण्याचा उपचार' असे मी सुचवेन.

आणखी एक विनंती आहे. त्यांना 'फ्रॉइडची रुग्ण ॲना ओ.' असे लिहू नये. फ्रॉइड यांनी त्यांच्यावर कधीही उपचार केले नाहीत, आणि 'ॲना ओ.' हे नाव त्यांच्या रोमन आद्याक्षरांच्या आधीची अक्षरे घेऊन (B. P. वरून A. O.) ग्रंथात देण्यात आले. पुढे याच स्त्रीने १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, मुलींच्या विक्रीविरुद्ध लढा दिला आणि १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्ग येथे निराधार मुली व अविवाहित माता यांच्यासाठी आश्रयगृह काढले. मेरी वोलस्टोनक्राफ्ट यांच्या स्त्रीहक्कांवरील ग्रंथाचा जर्मन अनुवाद त्यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केला, तोही 'पी. बेर्टहोल्ड' या, स्वतः निवडलेल्या, टोपणनावाने.