अमेरिकेत घर घेताना शाळेची हद्द (कोणत्या भागातली मुलं कोणत्या सरकारी शाळेत जाणार, हे ठरवणारी रेष) इतकी का बघतात? हद्द बदलली की शाळा घसरते का?

घसरतेच असं नाही. मेरीलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) उदाहरण बघा. २०१९ मध्ये तिथल्या शिक्षण अधीक्षकांनी सात हजारांवर मुलांच्या शाळा बदलायचा प्रस्ताव आणला. काही शाळांत मुलं मावत नव्हती, काहींत जागा होती. शिवाय मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र मुलं ठरावीक शाळांतच एकवटली होती. (कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंत असेल, तर मूल पात्र ठरतं.) विरोधात पालक फलक घेऊन रस्त्यावर उतरले. शेवटी काउंटीच्या शिक्षण मंडळाने सुमारे ५,४०० मुलं हलवली.

मेरीलँडमध्ये अख्खी काउंटी म्हणजे एकच शाळा-जिल्हा, म्हणजे तिथल्या सगळ्या सरकारी शाळा एकच यंत्रणा चालवते. त्यामुळे रेष सरकली तरी दोन्ही शाळांचा पैसा एकाच तिजोरीतून येतो. फरक पडतो तो पालकांच्या खिशाचा: खासगी शिकवणी, पालक संघाची वर्गणी, दुपारी शाळेत मदतीला येऊ शकणारी आई. शाळांना गुण देणाऱ्या वेबसाइटवरचं दहापैकी नऊ रेटिंग बऱ्याच अंशी हेच मोजतं, शिक्षकांची मेहनत नाही. त्याच रेटिंगवर घरांच्या किमती चढतात, मग कमी पगाराची कुटुंबं त्या हद्दीत येऊच शकत नाहीत.

हद्द बदलली की आपल्या भारतीय लोकांना येणारा राग मला समजतो. त्या शाळेसाठीच घराचं तीस वर्षांचं कर्ज काढलेलं असतं. पण रेटिंग बघून निर्णय घेऊ नका. एकदा त्या शाळेत जाऊन वर्ग बघा, मुख्याध्यापकांशी बोला.