यादीत असलेले, कपाटात नसलेले पुस्तक

प्रश्न : आमच्या आजोळच्या घराण्याचा कुलवृत्तांत (वंशावळ व घराण्याची माहिती देणारे पुस्तक) सुमारे साठ वर्षांपूर्वी छापला गेला होता. तालुक्याच्या वाचनालयाच्या यादीत त्याची नोंद आहे. परंतु वर्षभर विचारणा करूनही 'बाहेर गेले आहे', 'पावसाळ्यात कपाटे हलवली, सापडत नाही', 'पुढच्या महिन्यात या' एवढीच उत्तरे मिळतात. बाजारात हे पुस्तक उपलब्ध नाही. काय करावे?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : आपल्याला मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नेमके तेथूनच सुरुवात करावी. पुस्तक सभासदाकडे असेल तर देवघेवीच्या नोंदीत त्याची तारीख असते; बांधणीसाठी गेले असेल तर तशी नोंद असावी लागते; वाळवी किंवा बुरशी लागून बाद केले असेल तर दाखल नोंदवहीत (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात त्या वहीत) त्याच्या क्रमांकापुढे शेरा असतो. म्हणून 'पुस्तक आहे का' असे तोंडी विचारण्याऐवजी यादीतील दाखल क्रमांक देऊन 'या क्रमांकाची सद्यःस्थिती कळवावी' असा लेखी अर्ज ग्रंथपालांच्या नावे द्यावा आणि त्याची प्रत कार्यवाहांना द्यावी. लेखी प्रश्नाला 'पुढच्या महिन्यात या' हे उत्तर देणे कठीण जाते. मात्र अर्जाची भाषा तक्रारीची नसावी. तुटपुंज्या मानधनावर एकच माणूस वर्गणी, वृत्तपत्रे आणि कपाटे सांभाळतो, ही आपल्याकडील बहुतेक वाचनालयांची स्थिती आहे, आणि कोकणच्या दमट हवेत घाईने हलवलेले पुस्तक भलत्याच विषयाच्या रांगेत जाऊन बसणे मुळीच अशक्य नाही. ग्रंथपालांची परवानगी असेल तर चरित्र, इतिहास आणि धर्म या विभागांची कपाटे स्वतः पाहावीत, कारण कुलवृत्तांत यांपैकी कोणत्याही विभागात लावले जातात.

तरीही शोध लागला नाही, तर त्या एकाच प्रतीचा नाद सोडावा. कुलवृत्तांत हे बहुधा कुलमंडळे, म्हणजे त्या त्या घराण्यातील लोकांच्या संस्था, काढतात, त्यांच्या प्रती थोड्या असतात आणि त्या विक्रीपेक्षा घराण्यातील कुटुंबांतच वाटल्या जातात; त्यामुळे पुस्तकाचे दुकान हे ते शोधण्याचे ठिकाण नव्हेच. त्या घराण्याचे कुलमंडळ चालू असल्यास प्रथम तेथे पत्र पाठवावे. त्यानंतर जिल्ह्यातील जुन्या वाचनालयांकडे वळावे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, आणि शेजारच्या जिल्ह्यातील सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासूनचे. जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून संग्रहाची खात्री करावी. असे ग्रंथ पुष्कळदा संदर्भ विभागात असतात व घरी दिले जात नाहीत. आपल्या वाचनालयाचे शिफारसपत्र सोबत असल्यास तेथे बसून वाचण्याची सोय सहसा नाकारली जात नाही.

मुंबईला जाणे होत असेल तर दोन ठिकाणे महत्त्वाची आहेत. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग हे एक, आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे दुसरे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पाठवणे बंधनकारक आहे; आपले पुस्तक त्यानंतरचे असल्याने तेथे पाहणे योग्य ठरते. लहान कुलमंडळांनी हा नियम कितपत पाळला असेल याविषयी मात्र फार आशा बाळगू नये. याच कुलवृत्तांताची १९५० पूर्वीची एखादी आवृत्ती असेल, तर शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत (१९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांच्या यादीत) तिचा तपशील शोधता येईल.

प्रश्न : असे दुर्मीळ पुस्तक मिळाल्यास संपूर्ण झेरॉक्स काढता येते का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : स्वतःच्या अभ्यासापुरता भाग उतरवून घेण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची हरकत नाही. संपूर्ण प्रतीचा प्रश्न वेगळा आहे. लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो; तो संपला नसेल, पण पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नसेल, तर सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या उपयोगासाठी जास्तीत जास्त तीन प्रती काढता येतात. म्हणजे ही विनंती वाचकाने झेरॉक्सच्या दुकानात न करता ग्रंथपालांकडे करावी. जीर्ण पुस्तक काचेवर पालथे दाबल्यास शिवण उसवते, त्यामुळे परवानगी मिळाल्यास आपल्याला हव्या असलेल्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे घेणे अधिक बरे.