शेजारी मुलांना मोकळं सोडतात, आपण काय करायचं?

आधी ठरवा, कशात अजिबात माघार नाही. माझ्या मते तीनच गोष्टी: पाणी, रस्ता आणि उंची. बाकी गुडघे फुटू द्या की!

पाण्याचं मात्र मनावर घ्या. लहान मूल बुडताना बहुतेकदा ओरडत नाही, आणि त्याला अर्धी बादलीही पुरते. म्हणून मूल शेजाऱ्यांकडे खेळायला जाणार असेल, तर ‘तिकडे मोठं कुणीतरी असेलच’ असं धरून चालू नका. त्यांना सरळ विचारा, ‘टाकीवर झाकण आहे ना? लक्ष कोण ठेवणार?’ फक्त विचारताना शेरे मारू नका. नवे पालक तिथेच फसतात.

दुसरी चूक म्हणजे मुलासमोर शेजाऱ्यांना नावं ठेवणं. ते तिकडे जाऊन सांगतंच! त्याला एवढंच म्हणा, ‘त्यांच्याकडे चालत असेल, आपल्याकडे हेल्मेटशिवाय सायकल नाही.’ रुसेल थोडा वेळ. आणि खेळ आपल्याच घरी भरवलात, तर निम्मी कटकट मिटते.